खाड्यांच्या हिशेबाने

मुंबईहून दुचाकीने गोव्याकडे निघणाऱ्यापुढे दोन रस्ते असतात. एक राष्ट्रीय महामार्ग ६६. तो पनवेल सोडल्यावर सह्याद्री आणि समुद्र यांच्या मधल्या पट्ट्यातून खाली उतरतो आणि गोव्याच्या हद्दीपर्यंत समुद्राचा वासही फारसा लागू देत नाही. दुसरा रेवस ते रेडी हा सागरी मार्ग. सरकारी दप्तरात प्रमुख राज्य महामार्ग ४. पहिल्या रस्त्याचे रडगाणे सगळ्यांना पाठ आहे. २०११ साली रुंदीकरण सुरू झाले आणि गणपतीला गावी जाणाऱ्या चाकरमान्यांची एक अख्खी पिढी ते काम संपण्याच्या तारखा ऐकत मोठी झाली. दुसऱ्या रस्त्याबद्दल मात्र लोक बोलतात ते फोटो दाखवत. आरे-वारेचे वळण, वेळणेश्वरचे माड, कुणकेश्वरचे देऊळ आणि पायऱ्यांशी आलेले पाणी. त्या फोटोंत रस्ता सलग दिसतो आणि आकाश निळेभोर असते. प्रत्यक्षात हा रस्ता सलग नाही, आणि वर्षातले निदान पाच महिने आकाशाचाही भरवसा नाही. या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. तो गुंता लक्षात न घेता आखलेला किनाऱ्याचा दौरा फसतो, असे माझे म्हणणे आहे. किलोमीटर आणि तास यांच्यावर बेतलेले वेळापत्रक इथे कामाला येत नाही. मोजायच्या त्या खाड्या. दिवसाला किती ओलांडायच्या, कोणत्या वेळी ओलांडायच्या, आणि नाहीच ओलांडता आली तर कोणत्या काठावर पाठ टेकायची, एवढे ठरले की दौरा ठरला.

किनाऱ्याची लांबी हाच मुळी गमतीचा विषय आहे. शाळेच्या भूगोलात महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर. केंद्राच्या जुन्या आकडेवारीत तो ६५२.६ होता आणि अलीकडच्या फेरमोजणीत ८७७.९७ झाला. देशाचा किनारा त्याच फेरमोजणीत ७,५१६.६ वरून थेट ११,०९८.८१ किलोमीटरवर गेला. समुद्राने कुठे जमीन सोडली किंवा गिळली म्हणून हे घडले नाही. पूर्वी मोठ्या ढोबळ नकाशावर मोजत होते, आता बारीक प्रमाणाच्या नकाशावर मोजले, म्हणून आत शिरलेली खाडी, तिचे फाटे, बेटांच्या कडा हे सारे हिशेबात आले. दुचाकीस्वाराला हा फरक आकड्यात नाही, पेट्रोलच्या टाकीत कळतो. दाभोळच्या जेट्टीवर उभे राहिले की पलीकडचे धोपावे नुसत्या डोळ्यांनी दिसते. मधली वाशिष्ठी जंगलजेटीतून, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीतून, दहा-पंधरा मिनिटांत पार होते. तीच फेरी बंद असली तर दापोली, खेड, चिपळूण असा वळसा घालून गुहागर गाठावे लागते, म्हणजे शंभर किलोमीटरपेक्षा जास्त रस्ता आणि हवा वाईट असेल तर अर्धा दिवस. नकाशावर बोटभर असलेले अंतर अर्ध्या दिवसाचे होते, ते मधल्या खाडीमुळे.

या खाड्या इतक्या का आहेत, हेही समजून घेण्यासारखे आहे. सह्याद्रीचा माथा समुद्रापासून ढोबळमानाने पन्नास ते ऐंशी किलोमीटरवर आहे. एवढ्याशा अंतरात नद्या हजार मीटरची उंची उतरतात, त्यामुळे त्या आखूड आणि उतावळ्या आहेत. हिमयुगानंतर समुद्राची पातळी चढली तेव्हा त्यांच्या मुखाकडची खोरी पाण्याखाली गेली आणि भरतीचे पाणी पार आतपर्यंत जाऊ लागले. उत्तरेकडून मोजत गेले तर धरमतर, कुंडलिकेची रेवदंड्याची खाडी, राजपुरी, सावित्रीची बाणकोट, मग केळशी आणि आंजर्ले, वाशिष्ठीची दाभोळ, शास्त्रीची जयगड, काजळीची भाट्ये, मुचकुंदीची पूर्णगड, अर्जुनेची जैतापूर, वाघोटणची विजयदुर्ग, पुढे देवगड, आचरा, कर्ली आणि शेवटी तेरेखोल. लहानसहान वहाळ सोडून दिले आहेत. दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्याचा सडा असतो, सपाट, उघडा आणि वाऱ्याच्या तोंडी. म्हणून सागरी मार्गाचा आराखडा सगळीकडे तोच: खाडीच्या काठावरची वाडी, माड-पोफळींमधून जाणारी अरुंद गल्ली, नागमोडी चढ, वर सडा, पुन्हा नागमोडी उतार, पुन्हा वाडी, पुन्हा खाडी. 'समुद्राच्या कडेकडेने जाणारा रस्ता' असे त्याचे वर्णन करणाऱ्याने तो पाहिलेला नसतो. बहुतेक वेळ तो चढत असतो किंवा उतरत असतो, आणि समुद्र मधूनच एखाद्या वळणावर दिसून नाहीसा होतो.

इतिहासही याच आराखड्याला धरून आहे. जमिनीवरून उत्तर-दक्षिण अशी या किनाऱ्याची मोठी वाट कधी नव्हती. माल बंदरात उतरायचा, होड्यांतून खाडीने वर जायचा आणि बैलांच्या पाठीवरून घाट चढून देशावर पोचायचा. चौल, दाभोळ, राजापूर, खारेपाटण ही नावे मोठी झाली ती समुद्र आणि घाट यांना जोडल्यामुळे. किल्ल्यांच्या जागा पाहिल्या तरी हेच दिसते. बाणकोट सावित्रीच्या मुखाशी, अंजनवेलचा गोपाळगड वाशिष्ठीच्या, जयगड शास्त्रीच्या, पूर्णगड मुचकुंदीच्या, विजयदुर्ग वाघोटणच्या. ही सारी खाड्यांच्या दारांवरची राखण. मुंबईहून कोकणात जायचे तर गलबते, पडाव आणि नंतर आगबोटी होत्या, आणि पावसाळ्याने समुद्र बंद केला की त्या वाटाही बंद होत. जिथे तो नियम वाकवला गेला, तिथे त्याची किंमतही मोजावी लागली. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट भर पावसाळ्यात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. देशातल्या सर्वांत मोठ्या प्रवासी जलदुर्घटनांपैकी ती एक. रस्त्याने किनारा जोडावा ही कल्पना त्यामानाने कालची. ती बॅरिस्टर अंतुले यांची, १९८०–८२ या त्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळातली, आणि अंतुले स्वतः सावित्रीकाठच्या आंबेतचे, ही बाब इथे विसरण्यासारखी नाही. खाडी आडवी आली की काय होते ते त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

आता हवामान. कोकणात पाऊस पडतो हे सांगायला नको. पण दौऱ्याच्या दृष्टीने पाऊस किती पडतो यापेक्षा तो कुठून येतो याला महत्त्व आहे, आणि ते महिन्यागणिक बदलते. मोसमी पाऊस सरासरीने जूनच्या पहिल्या आठवड्यात तळकोकणात येतो, मुंबईत ११ जूनच्या सुमारास. जुलैत किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा तयार झाला की समुद्रावरून सरींमागून सरी येतात. अशा दिवसांत धोका पश्चिमेकडून येतो आणि बऱ्याचदा दिसतो. सड्यावर उभ्या असलेल्या माणसाला पाण्यावरून सरकत येणारा राखाडी पडदा आधी दिसतो, मग गार वारा लागतो, मग थेंब. मधे ऊनही पडते. सप्टेंबरअखेर हस्ताचा पाऊस लागला की सारे उलटे होते. सकाळ लख्ख असते, खारे वारे अकराच्या सुमारास सुरू होतात, दुपारी सह्याद्रीच्या माथ्यावर ढग चढू लागतात आणि तिसऱ्या प्रहरी गडगडाट करत ते पश्चिमेला, म्हणजे मागून, किनाऱ्यावर उतरतात. समुद्राकडे बघत चाललेल्या माणसाला ते दिसतच नाहीत. विजाही याच दिवसांत पडतात, आणि झाड-झुडूप नसलेल्या कातळसड्यावर दुचाकीस्वार हाच आसपासचा सर्वांत उंच ठिपका असतो. तेव्हा जुलैत नजर समुद्रावर ठेवावी आणि ऑक्टोबरात डोंगरावर, आणि ऑक्टोबरात दुपारी तीनच्या आत सडा सोडून वाडीत उतरावे. असे वागायचे तर आधी सडा आणि खाडी यांची क्रमवारी डोक्यात हवी. नुसते 'आज दीडशे किलोमीटर' असे ठरवून निघालेल्याला ते जमणार नाही.

मधल्या ऋतूंना पर्यटनाच्या जाहिरातींत 'सौम्य' म्हणतात. मे महिन्याची अखेर आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हेच दुचाकी दौऱ्यांचे आवडते दिवस. गर्दी कमी, उकाडा सोसण्याजोगा, पाऊस तुरळक. पण अरबी समुद्रातली वादळेही हेच दिवस धरून येतात. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान मुंबई आणि अलिबाग यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. ३ जून २०२० ला निसर्ग अलिबागच्या दक्षिणेला धडकले आणि ताशी शंभर किलोमीटरपेक्षा जास्त वेगाच्या वाऱ्याने दिवेआगर-श्रीवर्धनच्या नारळ-सुपारीच्या बागा आडव्या केल्या. पिढ्यांनी जोपासलेली पोफळीची वाडी एका दुपारीत गेली. मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला समांतर वर सरकले, जमिनीवर चढले ते गुजरातेत, तरी वाटेत सिंधुदुर्गापासून रायगडापर्यंत कुणाला सोडले नाही. वादळाची सूचना आता दोन-तीन दिवस आधी मिळते, हे खरे आहे आणि मोलाचेही आहे. पण ती सूचना घेऊन करायचे काय, हे शेवटी खाडी ठरवते. फेऱ्या बंद झाल्यावर दोन खाड्यांच्या मधल्या पट्ट्यात अडकलेल्या माणसाला महामार्गाकडे, पूर्वेला निघणे एवढाच मार्ग उरतो, आणि तो कोणत्या फाट्याने निघतो ते आधी माहीत हवे.

इथे एक आक्षेप हमखास येतो. हातात मोबाइल आहे, त्यावर ढगांचे नकाशे आहेत, हवामान खात्याचे पिवळे-नारिंगी-लाल इशारे आहेत. मग नक्षत्रे आणि खाड्या यांचा जुना हिशेब कशाला? इशाऱ्यांची किंमत मी कमी करत नाही. मात्र ते जिल्हावार असतात. रत्नागिरी जिल्हा सावित्रीपासून वाघोटणपर्यंत पसरलेला आहे. 'रत्नागिरीत मुसळधार' या दोन शब्दांत केळशी आहे की जैतापूर, ते कळत नाही. शिवाय हवामान खात्याच्या परिभाषेत चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर पाऊस झाला की तो जोरदार ठरतो आणि ११५.६ झाला की अति जोरदार. पण तो दिवसभर रिपरिपत पडला की एका तासात ओतला, याने दुचाकीस्वाराच्या दृष्टीने आकाशपाताळाचा फरक पडतो. या किनाऱ्यावर पाऊस ठिगळासारखा पडतो. त्याचा सर्वांत भयंकर पुरावा मुंबईचाच आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच शहरातल्या कुलाब्याला जेमतेम ७४. लोकलच्या तासाभराच्या अंतरावर एवढा फरक पडत असेल, तर अख्ख्या जिल्ह्याच्या रंगावरून पुढच्या सड्यावर काय चालले आहे ते कसे सांगणार? मोबाइल दिशा सांगतो, थांबायचे कधी ते सांगत नाही. ते पुढच्या खाडीच्या अलीकडे ठरवायचे असते, कारण ओलांडल्यावर परतायला पुन्हा तीच फेरी लागते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. पावसात दुचाकी मुळात हवीच कशाला? २०२२ साली देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, आणि त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. या आकड्यापुढे निसर्गसौंदर्याच्या गप्पा थिट्या पडतात. मोटार जास्त सुरक्षित आहे, हे मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे. सागरी मार्गावरचा एखादा उतार बारकाईने पाहिला तर धोका नेमका कुठे आहे ते कळते. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, त्यांच्यावर शेवाळ, वर झाडांची कमान. ऊन पोचत नसल्यामुळे सर येऊन गेली तरी डांबर ओलेच. वळणाच्या आतल्या बाजूला सड्यावरून वाहत आलेली तांबडी माती आणि बारीक खडी बसलेली, त्यावरून बोटभर पाणी आडवे चाललेले. कुठे माडाची झावळी पडलेली, कुठे पावसाच्या दिवसांत कोरड्या डांबरावर बसलेली गुरे. पहिल्या सरीची पहिली दहा मिनिटे सर्वांत वाईट, कारण साचलेले तेल आणि धूळ पाण्यावर तरंगते आणि चाकाला पकड उरत नाही. धो-धो पाऊस ते धुऊन तरी नेतो. २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे आहे, त्याने चाक लॉक होण्याचे टळते. पण गाडी वळणात कललेली असताना खाली मातीचा चिखल आला, तर एबीएस पकड कुठून आणणार? इथे कामाला येतो तो वेग, आणि वेग कमी ठेवणे म्हणजे दिवसाचे अंतर कमी ठेवणे. मोटारीत बसलेला माणूस काच वर करून पावसातून तसाच पुढे जाऊ शकतो. दुचाकीवाल्याला ती सवलत नाही. थांबण्याची तयारी ठेवून निघाला तरच हा दौरा समर्थनीय आहे. ज्याला सुट्टी संपायच्या आत रेडी गाठायचीच आहे, त्याने खरोखर मोटार काढावी, नाहीतर कोकण रेल्वेने कुडाळला उतरावे.

थांबायचे कुठे, याचे उत्तर जेट्टीवर असते, म्हणून ती जवळून पाहण्यासारखी आहे. दाभोळ-धोपाव्याची जंगलजेटी २००३ साली सुरू झाली. पुढे वेश्वी-बागमांडला, जयगड-तवसाळ, आगरदांडा-दिघी अशा फेऱ्या निघाल्या. सपाट तळाची बोट, दोन्ही टोकांना लोखंडी फळी, वर बसायला बाके. ती फळी सिमेंटच्या उतारावर टेकते आणि गाड्या थेट आत चढतात. भरतीच्या वेळी हा उतार जेमतेम जाणवतो. ओहोटीला बोट खाली जाते, उतार लांब आणि उभा होतो, आणि एरवी पाण्याखाली असणारा त्याचा भाग उघडा पडतो. तिथे हिरवे शेवाळ असते. पुढच्या ब्रेकवर जोर दिला की दुचाकी तिथे बसलीच समजा. सामान लादलेली गाडी असेल तर मागे बसलेल्याने उतरून चालत जावे, गाडी पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही पाय मोकळे. मोटारी मधे रांगेने लागतात आणि दुचाकी कडेच्या फटींत; एवढ्या जागेत मावणे हा दुचाकीचा या किनाऱ्यावरचा खरा फायदा आहे, सुट्टीच्या दिवशी मोटारींची रांग वरच्या रस्त्यापर्यंत गेलेली असते तेव्हा तो कळतो. भरती कधी, यासाठी मोबाइलची गरज नाही. किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा आहे, तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाला, पहाटे-सकाळी एकदा आणि दुपारी-संध्याकाळी एकदा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे भरती मोठी आणि ओहोटीही खोल. त्या दिवशी ओहोटीच्या वेळेला शेवाळावरून गाडी चढवण्यापेक्षा हेदवीच्या बामणघळीत उसळणारे भरतीचे पाणी बघून मग निघावे, दौऱ्याचे काही बिघडत नाही. कॅलेंडर तर घराच्या भिंतीवर असतेच.

तिसरा आक्षेप कोकणातला माणूस घेतो, आणि तो सर्वांत खरा आहे. तुमचा दौरा चार दिवसांचा, आमचा जन्म इथला. रात्री नऊनंतर बाळंतीण अडली तर जंगलजेटीची गंमत सांगाल का? आंब्याच्या हंगामात पेट्या, एरवी मासळी, पलीकडच्या काठावरच्या कॉलेजात जाणारी पोरे, या सगळ्यांना पूल हवा आहे, आणि त्यांचा हट्ट रास्त आहे. रेवस-कारंजा, आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ, जयगड इथल्या खाड्यांवर पुलांच्या योजना आहेत. बाणकोटच्या खाडीत तर अर्ध्यावर राहिलेले खांब कित्येक वर्षे पाण्यात उभे आहेत आणि लोक त्यांच्याकडे बघत फेरीतून जा-ये करतात. पाहुण्याला रस्ता तुटक आवडतो म्हणून यजमानाने तो तुटकच ठेवावा, असे म्हणणे उद्धटपणाचे होईल. पूल व्हावेत.

पण पूल झाले की खाडी हिशेबातून गेली, हे मात्र मला पटत नाही. पुलाने पाणी ओलांडता येते, पाऊस ओलांडता येत नाही. मासेमारी होड्या खालून जायच्या म्हणून हे पूल उंच असणार. खाडीच्या मुखाशी, उघड्या समुद्राच्या वाऱ्यासमोर एवढ्या उंचीवर जुलैचा आडवा झोत दुचाकीला बाजूच्या लेनमध्ये ढकलू शकतो. नदीच्या ताकदीबद्दल तर सावित्रीनेच एकदा सांगितले आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला, त्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या आणि इतर वाहने गेली. तीच सावित्री पुढे बाणकोटची खाडी होते. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेले ते वाशिष्ठीने, आणि तीच पुढे दाभोळची खाडी. घाटावर रात्री पडलेला पाऊस या आखूड नद्या काही तासांत खाली आणतात, आणि तेव्हा समुद्राला भरती असेल तर पाणी मुखाशी अडून मागे फुगते. नवे पूल अर्थातच नव्या हिशेबाने बांधले जातील. तरी पुलाकडे नेणारा रस्ता त्याच सड्यावरून त्याच उताराने येणार आहे, आणि तिथे दरड, माती, पाणी हे सारे आहे तसेच राहणार. फरक एवढाच की पूर्वी जेट्टी प्रवाशाला आपोआप थांबवत असे, वाट पाहता पाहता आकाशाकडे बघायला लावत असे. पूल ते करणार नाही. वेग वाढेल आणि थांबायचे कारण नाहीसे होईल. पकड नसलेल्या उतारावर हा बदल दुचाकीस्वाराच्या फायद्याचा नाही. मोठ्या गाड्यांवरच्या पर्यटकांचे सोडा. त्या उतारावरून शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीवर बायको-पोरांसह रोज जाणारा गावातलाच माणूस असतो.

म्हणून प्रश्न पूल हवा की नको असा मांडण्यात हशील नाही. पुलाबरोबर बाकीचे काय होणार, तो प्रश्न आहे. चौपदरी वेग आणि वाडीतली गल्ली एकाच रस्त्यात बसत नाहीत. माड-पोफळीच्या बागा कापून बसवायच्या झाल्या तर ज्या किनाऱ्यासाठी लोक येतात तोच नाहीसा होईल. सड्यावरून नवा रस्ता न्यायचा तर कातळशिल्पांचे भान ठेवावे लागेल. कशेळी, बारसू, देवाचे गोठणे इथल्या सड्यांवरची चित्रे २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत आणि जेसीबीच्या एका फेरीत पुसली जाऊ शकतात. जुना मार्ग आहे त्या रुंदीचा ठेवून त्याची गटारे नीट केली आणि वळणांवर वाहून येणारी माती दर पावसाळ्यात उपसली, तर दुचाकीसाठी आणि गावासाठी तो पुष्कळ आहे. फेऱ्याही पूल झाल्यावर मोडीत काढायचे कारण नाही. मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट २०२० पासून चालू आहे, आणि अलिबागला जाणारा रस्ता असतानाही लोक तिच्यात गाड्या घालतात. पेण-वडखळचा वळसा आणि तिथली कोंडी वाचते, दुचाकीसुद्धा तिच्यातून जाते आणि रेवसचा सागरी मार्ग पुढे मांडव्यालगतच सुरू होतो.

आणि पूल होईपर्यंत, म्हणजे या किनाऱ्याचा अनुभव पाहता बरीच वर्षे, एक फारच साधी गोष्ट करता येईल. आज वारा वाढला, धुके उतरले किंवा बोट दुरुस्तीला गेली म्हणून फेरी बंद असली, की ते फोन लावल्याशिवाय किंवा जेट्टीपर्यंत उतरल्याशिवाय कळत नाही. आणि उतरल्यावर कळणे म्हणजे तोच ओला उतार पुन्हा चढणे, बहुधा अंधार पडताना आणि घाईत. दाभोळची फेरी चालू की बंद ते दापोलीच्या नाक्यावर, जयगडची गणपतीपुळ्याच्या फाट्यावर, वेश्वीची मंडणगडला कळले पाहिजे. पाटी पुरे, त्यावर खडूने लिहिलेले चालेल: फेरी चालू किंवा बंद, शेवटची किती वाजता, आज भरती कधी. नाक्यावरचा चहावालासुद्धा ती रोज लिहील, जेट्टीवरून त्याला कुणीतरी सकाळ-दुपार फोन केला म्हणजे झाले.